मंडळीत पुढारी, घरात पाहुणा: या चुका टाळा

मंडळीची, म्हणजे चर्चची, नवी कमिटी निवडून आली की पहिल्या महिन्यात दोन गोष्टी हमखास होतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघतो आणि नव्या वडिलांच्या (म्हणजे मंडळीने निवडलेल्या पुढाऱ्यांच्या) घरी त्यांचं ताट झाकून ठेवायला लागतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठल्याही मंडळीत जा, चुका त्याच. निदान पुढच्या टाळा.

घरच्या प्रार्थनेची चर्चमधली उपासना करणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. खानापूरकडच्या एका मंडळीत एक वडील होते. माणूस सरळ, दशांश, म्हणजे मंडळीला द्यायचा कमाईचा दहावा भाग, कधी चुकवला नाही. घरी रोज साडेआठला प्रार्थना: तीन गीतं, अख्खा अध्याय, त्यावर त्यांचं भाषण, मग मुलांची वचनांची तोंडी परीक्षा. पाहुणे असले की परीक्षा आणखी कडक. थोरली मुलगी कन्नड माध्यमात शिकलेली. मराठी शास्त्र (बायबल) वाचताना जोडाक्षर आलं की अडायची आणि बाप सगळ्यांसमोर म्हणायचा, "वडिलांची पोरगी आणि हे वाचन?" पोरगी गप्प.

पुढे ती हुबळीला हॉस्टेलला गेली. नाताळला आली तेव्हा बरोबर साडेआठला तिचं डोकं दुखायला लागलं. दुसऱ्या दिवशीही दुखलं. बाप माझ्याकडे आला, "पोरीचा विश्वास उडाला काय हो?" म्हटलं, विश्वासाचं देव जाणे, पण तुमच्या साडेआठला ती घाबरते एवढं मला दिसतंय की.

त्यांना जे सांगितलं तेच सगळ्यांना सांगतो. प्रार्थना दहा मिनिटांची. एकच गीत, तेही धाकट्याने निवडायचं; रोज तेच निवडलं तरी गायचं. पाच-सहा ओव्या (वचनं) वाचायच्या. ज्याला जी भाषा वाचता येते त्या भाषेतलं शास्त्र त्याच्या हातात द्या. नातवाने कन्नडमधून वाचलं तर आजीला मराठीत सांगायचं कामही त्याचंच. भाषण बंद. शास्त्रातल्या अनुवाद या पुस्तकात, 6:7 मध्ये, घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांशी बोलत राहा असं म्हटलंय. तिथे व्यासपीठ कुठेच नाही. शाळेतून येताना पोरगं स्कूटरवर मागे बसून काहीबाही विचारतं, त्याला तिथेच उत्तर द्या. "संडेस्कूलमध्ये विचार" म्हणून मोकळे होऊ नका.

त्या वडिलांचं भाषण पूर्ण सुटलं नाही, आखूड झालं. ईस्टरला मुलगी येऊन बसली म्हणे.

बायकोला न विचारता तिचा वेळ वाटून टाकणं

पाळक (पास्टर) म्हणून नेमणूक होते एकाची आणि महिला मंडळ, संडेस्कूल, आल्यागेल्याचा चहा पाळकीणबाईंच्या गळ्यात आपोआप पडतो. आधी घरी विचारा. ती नाही म्हणाली तर कमिटीत तुम्हीच नाही म्हणा, तिला म्हणायला लावू नका.

सगळं स्वतःच करणं

निर्गम 18 वाचा. मोशेलासुद्धा सासऱ्याने बसवून सांगावं लागलं. तुम्हांला बहुधा डॉक्टर सांगेल.

अर्पण खिशातून घरी नेणं

"उद्या मोजतो" हे वाक्य मला ऐकूही नको. दोघांनी, तिथल्या तिथे, टेबलावर मोजायचं आणि वहीत दोघांच्या सह्या. पौलानेही गोळा झालेली मदत आपला सोबती तीत याच्याबरोबर मंडळीतले आणखी भाऊ देऊन पाठवली, कोणी बोट दाखवू नये म्हणून.

"घेतील समजून" म्हणणं

आपल्या भागातली खास चूक. बेळगावात लंडन मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचं काम 1820 मध्ये सुरू झालं, दोनशे वर्षं उलटली, तरी भाषेचा विषय निघाला की कमिटीतले वडील खिडकीबाहेर बघतात. एका मंडळीत उद्यमबागेतल्या कारखान्यांत कामाला आलेली कन्नड कुटुंबं वाढत होती. नाताळात विधवांना साड्या द्यायच्या होत्या. "नावं रविवारपर्यंत द्या" ही सूचना फक्त मराठीत झाली. मागच्या बाकावरच्या दोन कन्नड म्हाताऱ्यांना ती कळली नाही. वाटपाच्या दिवशी त्या हात जोडून शेवटपर्यंत बसल्या आणि तशाच घरी गेल्या. पुढच्या आठवड्यात मंडळीत सीमाप्रश्न पेटला.

कमिटीचा उपाय काय, तर दोन भाषांत बोर्ड रंगवायचा! बोर्ड रंगवला की काम झालं असं वाटणाऱ्यांचं मला नवल वाटतं. हेच भांडण प्रेषितांची कृत्ये 6 मध्ये आहे. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जात होतं. मग सात जण निवडले, स्तेफन, फिलिप्प वगैरे. सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार, त्यांच्याच हातात वाटप दिलं. इथेही शेवटी तेच करावं लागलं: यादी आणि पैसे दोन्ही कन्नड घरांतल्या दोघांकडे सोपवले. पैसे द्यायला खजिनदार महिनाभर कुरकुरले. पुढच्या नाताळात मात्र एकही मराठी विधवा सुटली नाही.

वडिलांच्या मुलाला थेट पद देणं

शास्त्रातल्या एली याजकाला मुलांचे उद्योग ठाऊक होते, तो नुसता बोलला, आवरलं नाही. शमुवेल संदेष्टा त्याच घरात वाढला, सगळं बघितलं, तरी स्वतःच्या मुलांना न्यायाधीश नेमून बसला आणि त्यांनी लाच खाल्ली. तरुण संघाचा सेक्रेटरी नेमताना आडनाव बघू नका.

बाप्तिस्म्याचं पाणी वाळायच्या आत माईक मागणं

यूट्यूबवर चार संदेश ऐकून आलेल्या तरुणाला वर्षभर सतरंज्या घालायला आणि गोळा करायला लावा. घरी तो आईला काय बोलतो ते तिलाच विचारा. तोवर माईक नाही. रुसला तर 1 तीमथ्य 3:6 काढून द्या: नवशिक्याला पुढारी करू नये, तो गर्वाने फुगेल. तरी रुसलेलाच राहिला तर आणखी एक वर्ष सतरंज्या.