युरोपने घडवलेले अमेरिकन नट: खळ्यात सिनेमाचा खेळ लावताना

रात्रभर दशावतार बघणाऱ्या प्रेक्षकाला चेहरा वाचायला शिकवावं लागत नाही. म्हणूनच अमेरिकेत बेताचे ठरलेले आणि युरोपात जाऊन तारे झालेले नट कोकणातल्या खळ्यात उत्तम रंगतात. तयारी मात्र नीट हवी.

एकाच रात्रीत सगळं उरकू नका. दोन रात्री, दोन सिनेमे: पहिल्या रात्री ‘ए फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ (१९६४), दुसऱ्या रात्री ‘ब्रेथलेस’ (१९६०). पहिल्याचा नायक क्लिंट ईस्टवूड तेव्हा ‘रॉहाइड’ या टीव्ही मालिकेतला नट होता. इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओने यांनी त्याला १५,००० डॉलरवर घेतलं आणि स्पेनमध्ये अल्मेरियाच्या रखरखीत माळावर उभं केलं. अमेरिकेत हा सिनेमा लागायला १९६७ उजाडलं. ‘ब्रेथलेस’ची नायिका जीन सीबर्ग अमेरिकेत आयोवा राज्यातल्या मार्शलटाउनची. ‘सेंट जोन’मधल्या (१९५७) पहिल्याच भूमिकेवर तिकडच्या समीक्षकांनी झोड उठवली, आणि पॅरिसमध्ये ‘ब्रेथलेस’चे दिग्दर्शक जाँ-लुक गोदार यांच्या कॅमेऱ्याने तिला अजरामर केलं. हे दोन्ही सिनेमे दीड-पावणेदोन तासांत संपतात. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’चा मोह होईल, पण तो जवळजवळ तीन तासांचा. लाउडस्पीकर दहाला बंद करावा लागतो आणि बॅटरीही तेवढी टिकत नाही.

तिकीट नसलं तरी जाहीर खेळाला हक्कधारकाची लेखी परवानगी लागते. घरी बघायला घेतलेली डिस्क त्यासाठी चालत नाही. हे काम दोन महिने आधी सुरू करा. मुंबईच्या प्रभात चित्र मंडळासारख्या जुन्या फिल्म सोसायटीला वाट विचारा.

पडद्यासाठी ९० इंच पन्ह्याचं पांढरं सुती कापड घ्या, म्हणजे १० फूट रुंद आणि ५ फूट ८ इंच उंच पडदा बिनजोड निघतो. जोड टाळायचाच, कारण लिओने नुसते डोळे पडदाभर दाखवतात आणि शिवण नेमकी त्या डोळ्यांवर येते. कापडामागे काळं कापड लावा, नाहीतर उजेड आरपार जाऊन चित्र फिकं दिसतं. चारही कडांना नेफा शिवून त्यात बांबू घाला आणि पडदा चिऱ्याच्या भिंतीला टेकवून बांधा. संध्याकाळपर्यंत खारा वारा असतो, रात्री तो पडतो आणि मतलई सुरू होतो. दोन्ही वाऱ्यांत मोकळा पडदा शिडासारखा फुगतो.

पूर्ण अंधारात ३,००० ल्युमेनचा प्रोजेक्टर पुरतो. थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल तर तो पडद्यापासून १५ फुटांवर ठेवा. लिओनेंची चौकट लांबट असते, २.३५ ला १. त्यामुळे चित्र साधारण सव्वाचार फूट उंच येईल आणि वर-खाली काळ्या पट्ट्या राहतील. ‘ब्रेथलेस’ची चौकट जवळपास चौकोनी, म्हणून तिथे डावी-उजवीकडे काळं दिसेल. पडदा भरावा म्हणून ‘स्ट्रेच’ दाबू नका. सीबर्गचे आखूड कापलेले केस आणि नाजूक हनुवटी पसरट झाली की तिचं देखणेपणच जातं.

एसी गाडीतून आणलेला प्रोजेक्टर लगेच लावला तर दमट हवेने भिंगावर वाफ धरते. अर्धा तास तसाच राहू द्या. हिवाळ्यात दव पडतं, म्हणून वर छोटा मांडव हवाच. दिव्याच्या प्रोजेक्टरची वीज अचानक गेली की पंखा थांबतो आणि आतल्या उष्णतेने दिवा खराब होतो, म्हणून तो इन्व्हर्टरवर चालवा. प्रोजेक्टर, लॅपटॉप आणि स्पीकर मिळून ४०० वॅट धरले, तर १५० एएचची (अँपिअर-तास) चांगली बॅटरी एक सिनेमा काढते. दोन नाही. पाखरं भिंगाकडे येऊ नयेत म्हणून वीस-पंचवीस पावलांवर एक बल्ब लावा, पण प्रेक्षकांच्या पाठीमागे.

आता आवाज, जिथे हमखास घोळ होतो. ईस्टवूडच्या सिनेमात नट आपापल्या भाषेत बोलले आणि आवाज नंतर भरला गेला. इटालियन आवृत्तीत ईस्टवूडचा आवाज एन्रिको मारिया सालेर्नो यांचा आहे. इंग्रजीत त्याचा स्वतःचा. म्हणून आम्ही इंग्रजीच लावायला सांगतो. ओठ आणि शब्द तरीही जुळत नाहीत, आणि मशीनवर बसलेला पोरगा आवाज मागेपुढे करत बसतो. ओठ बघू नका, गोळीचा बार आणि धूर जुळतोय का ते बघा. ब्लूटूथ स्पीकरने मात्र खरोखर उशीर होतो, तेव्हा वायरच जोडा. ‘ब्रेथलेस’ फ्रेंचमध्येच लावा. सीबर्गचं अमेरिकन वळणाचं फ्रेंच हाच त्या भूमिकेचा प्राण आहे, आणि डबिंगमध्ये तो जातो.

मराठी सबटायटल स्वतः लिहिणार असाल तर एका वेळी दोनच ओळी, प्रत्येकी सहा-सात शब्दांच्या. फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवा, नाहीतर चौकोन उमटतात. पेनड्राइव्ह थेट प्रोजेक्टरला लावला तर बऱ्याचदा जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या सरकतात, लॅपटॉपवरून चालवा. अक्षरांना काळी कड द्या, कारण ‘ब्रेथलेस’मधल्या हॉटेलच्या खोलीतल्या लांबलचक प्रसंगात पांढऱ्या चादरीवर पांढरी अक्षरं विरून जातात.

‘ब्रेथलेस’च्या शेवटच्या प्रसंगात एक शब्द जपा. मरणारा नायक मिशेल ‘देग्युलास’ म्हणतो, म्हणजे किळसवाणं, आणि पॅट्रिशियाला (सीबर्गची भूमिका) तो शब्दच कळत नाही. ती त्याचा अर्थ विचारते. सरळ मराठी शब्द घातला तर तिचा प्रश्न निरर्थक वाटेल. फ्रेंच शब्दच ठेवा आणि अर्थ सिनेमाआधीच्या दोन मिनिटांच्या ओळखीत सांगून टाका, बाकी कथा न फोडता. मग ती मिशेलसारखाच अंगठा ओठांवरून फिरवते आणि पाठ वळवते. अनेक ठिकाणी नेमका तेव्हाच ट्यूबलाइट लागतो. बटणाजवळ सिनेमा आधी पाहिलेला माणूस बसवा आणि चित्र पूर्ण काळं झाल्याशिवाय हात लावू नको म्हणून बजावा.