नेट मध्येच जातंय? जुन्या कॉम्प्युटरवर या चुका टाळा

फोनवर व्हिडिओ सुरळीत चाललाय, पण त्याच वायफायवरच्या जुन्या डेस्कटॉपवर साधं पान उघडत नाही. पाच-दहा मिनिटांनी काही न करता उघडतं. अशा वेळी घरातलं कुणीतरी उठून राउटर बंद-चालू करतं. पहिली चूक हीच. नेट परत येतं खरं, पण नेमकं काय अडलं होतं हे कळायची सोय राहत नाही. येऊन-जाऊन होणारा बिघाड तो चालू असतानाच पकडावा लागतो.

म्हणून नेट गेलेलं असतानाच कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे विंडोजमधली कमांड टाइप करायची खिडकी उघडा आणि ‘पिंग ८.८.८.८’ (ping 8.8.8.8) द्या. हा गूगलच्या डीएनएस सर्व्हरचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरचा पत्ता. नंतर ‘पिंग’पुढे एखाद्या साइटचं नाव टाका. आकड्यांना उत्तर येतंय, पण नावाचा होस्ट सापडत नाही असं दिसलं, तर लाइन धडधाकट आहे; डीएनएस अडलंय. काही साइट पिंगला उत्तर देतच नाहीत, त्यामुळे घाई करू नका. नावाशेजारी चौकटी कंसात आकडी पत्ता छापून आला, म्हणजे नाव सापडलं. दोन्हीकडे शुकशुकाट असेल तर ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) द्या. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून कॉम्प्युटरला पत्ताच मिळालेला नाही. मग केबल, तिची तुटकी क्लिप आणि वायफाय तपासा. डीएनएसच्या मागे लागू नका.

डीएनएस अडलेलं निघालं, तर जुन्या मशीनवर एक गोष्ट हमखास बघा. कधीकाळी कुणीतरी नेटवर्कच्या सेटिंगमध्ये तेव्हाच्या कंपनीचे डीएनएस पत्ते हाताने भरून ठेवलेले असतात. पुढे टेलिफोनची लाइन गेली, फायबर आलं, पत्ते तेच राहिले. बऱ्याच कंपन्यांचे डीएनएस सर्व्हर फक्त स्वतःच्या ग्राहकांना उत्तर देतात. पहिला पत्ता मेलेला आणि दुसरा जिवंत असेल तर गंमत आणखी वाढते: पान आधी काही सेकंद अडकतं, मग सुसाट उघडतं, कधी थकून एरर देतं. फोन मात्र राउटरकडून पत्ते घेतो, म्हणून तो ठणठणीत. ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ (ipconfig /all) मध्ये हे पत्ते दिसतात. ते आपोआप मिळण्यावर ठेवा, किंवा गूगलचा ८.८.८.८ आणि क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ भरा. नंतर साठवलेली जुनी उत्तरं पुसायला ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ (ipconfig /flushdns) द्या. दुसऱ्या रकान्यात जुना पत्ता ‘असू दे’ म्हणून ठेवू नका.

‘एनएसलुकअप’ (nslookup) या नावाचा पत्ता विचारणाऱ्या कमांडने नाव सापडलं की डीएनएस ठीक आहे, असं बरेच जण धरून चालतात. ते थेट सर्व्हरला विचारतं. विंडोजची साठवलेली उत्तरं किंवा होस्ट्स फाइल (मशीनमधलीच नावं-पत्त्यांची यादी) बघतच नाही. त्यामुळे तिथे नाव सापडतंय पण ब्राउझरला सापडत नाही, तर खोट बहुधा मशीनमध्येच आहे. होस्ट्स फाइलमध्ये परक्या ओळी घुसल्यात का, प्रॉक्सी (नेट दुसऱ्या सर्व्हरमधून वळवणारं सेटिंग) कुणी लावून ठेवलाय का, ते बघा.

घड्याळाकडे तर कुणाचं लक्षच जात नाही. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की रात्री प्लग काढल्यावर किंवा लाइट गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग साइटची ओळख पटवणारी, ठरावीक मुदतीची प्रमाणपत्रं अजून लागूच झालेली नाहीत असं ब्राउझरला वाटतं आणि एकामागून एक पानं अडतात. तारीख सुधारली की चालतं, पुन्हा लाइट गेली की तेच. सेल स्वस्त असतो, तो बदला. दुकानात ‘फॉरमॅट मारून घ्या’ म्हणतील, पण फॉरमॅटने सेल भरत नाही.

जुनं वायफाय कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखत असेल, तर ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क त्याला दिसणारच नाही. थोडा वेळ काम थांबलं की नेट जात असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवायला कार्ड बंद करू देणारी टिक काढा.

विंडोज ७ चे फुकटचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले, आणि क्रोमची १०९ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती. काही साइट अडतात त्या यामुळेही. त्याला डीएनएस बदलून उपयोग नाही.

आणि नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाकायची वेळ आलीच, तर नवा ड्रायव्हर कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून आधी पेनड्राइव्हवर घ्या. जुना काढल्यावर तो डाउनलोड करायला त्या मशीनवर नेटच नसतं.