लाईट गेली, पावती गायब: फॉक्सप्रोत या चुका टाळा

खानापूरकडे पावसाळ्यात लाईट जायला निमित्त लागत नाही. निपाणीची तंबाखूची वखार असो की गावची पतसंस्था, खतावणी अजून फॉक्सप्रो २.६ या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅमवर असेल तर लाईट आल्यावर ही तक्रार ठरलेली: पावती छापली होती, पण स्क्रीनवर नोंदच नाही.

नोंद बऱ्याचदा फाईलमध्येच असते. डीबीएफ फाईलच्या, म्हणजे नोंदी साठवणाऱ्या मुख्य फाईलच्या, हेडरमध्ये (सुरुवातीच्या भागात) एकूण नोंदींचा आकडा असतो. नोंद डिस्कवर उतरली आणि आकडा वाढायच्या आत मशीन बंद पडलं, की फॉक्सप्रोच्या लेखी ती नाहीच.

सगळ्यांत महाग चूक म्हणजे तीच पावती घाईने पुन्हा भरणे. नवी नोंद कुठे लिहायची हे हेडरच्या आकड्यावरून ठरतं, म्हणून ती लपलेल्या नोंदीवरच लिहिली जाते. एकाऐवजी तीन पावत्या अडकलेल्या असतील तर पहिली कायमची गेली.

आधी सगळ्यांना प्रोग्रॅममधून बाहेर काढा. डीबीएफ, सीडीएक्स (इंडेक्स, म्हणजे नोंदी शोधायची सूची) आणि एफपीटी (मेमो, म्हणजे लांबलचक मजकूर), तिन्ही फाईली वेगळ्या फोल्डरात कॉपी करा. एफपीटी विसरली तर मेमो फील्ड गेलं. मग हिशोब करा. समजा, हेडरची लांबी २८९ बाइट, एका नोंदीची १२० आणि फाईल १,८०,४१० बाइटची आहे. हेडर आणि शेवटचा एक बाइट वजा करून १२० ने भागलं की १५०१ येतात. हेडर १५०० म्हणत असेल तर चोर सापडला. कॉपी हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाईलचा एकेक बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडा. शून्यापासून मोजून ४ ते ७ या बाइटांत नोंदसंख्या, ८-९ मध्ये हेडरची लांबी, १०-११ मध्ये नोंदीची लांबी असते. आकडा हेक्समध्ये (१६ च्या पटीत) आणि उलटा, लहान बाइट आधी लिहितात: १५०१ साठी डीडी ०५ ०० ००. भागाकारात बाकी उरली तर हात लावू नका, शेवटची नोंद अर्धवट आहे.

आता इंडेक्स. नुसतं 'रीइंडेक्स' नको, ते बिघडलेल्या सीडीएक्समधलीच माहिती वापरतं. 'डिस्प्ले स्टेटस'ने टॅगची (सीडीएक्समधल्या एकेका सूचीची) सूत्रं टिपून घ्या, 'डिलीट टॅग ऑल' द्या आणि 'इंडेक्स ऑन'ने नव्याने बांधा. खोडलेल्या नोंदी कायमच्या काढणारं 'पॅक' मात्र इतक्यात नाहीच.

व्हिज्युअल फॉक्सप्रो ८ पासून पुढे असं टेबल उघडतच नाही, २०९१ क्रमांकाची चूक दाखवतं. दुरुस्ती तीच. फक्त त्याने कोड पेज (अक्षरं कोणत्या सांकेतिक तक्त्याने वाचायची ते) विचारलं तर अंदाजाने काही निवडू नका. युनिकोडपूर्व फॉन्टमधली सभासदांची मराठी नावं तिथेच विस्कटतात.