आधी धड, मग उंच: जुनी जिप्सी चिखलात नेण्यापूर्वी

माझी मारुती जिप्सी किंग १९९८ची, १२९८ सीसीची, कार्बोरेटरवाली. घरी आणली त्या संध्याकाळी भाच्याने टायरवर लाथ मारून विचारलं, "मामा, लिफ्ट किती इंच करणार?" लिफ्ट म्हणजे गाडी चाकांवर उंच करणं; माझ्याही डोक्यात तेव्हा तेच होतं, त्यामुळे त्याला हसायचा अधिकार मला नाही. पण आज कोणी हा प्रश्न घेऊन इंदूरच्या रामबागेत माझ्या दारी आला, तर मी आधी त्याला जॅक काढायला लावतो.

पुढचं एक चाक जमिनीपासून दोन बोटं वर उचला. जॅकवर विसंबू नका, खाली स्टँड लावा. मग एक हात टायरच्या वरच्या टोकाला, दुसरा खालच्या, आणि चाक आत-बाहेर हलवून बघा. खटखट लागली तर कुणाला तरी आत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खटखट गेली तर व्हील बेअरिंग सैल आहे. तशीच राहिली तर किंग पिनची, म्हणजे चाक ज्या उभ्या खिळीवर वळतं तिची, बेअरिंगं गेली आहेत. मग हात डावी-उजवीकडे धरून तेच करा. तिथे खेळ लागला तर टाय रॉडचे, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्याचे, एंड तपासा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि मी ते केलं नव्हतं.

मी काय केलं, तर शहरातल्या एका दुकानात जाऊन लांब शॅकल, म्हणजे स्प्रिंगच्या पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या झुलत्या पट्ट्या, टाकून घेतल्या. गाडी दिसायला झकास झाली. आठवड्याभराने महूहून परतताना पन्नास-पंचावन्नच्या वेगाला पुढचं चाक एका खड्ड्यात आपटलं आणि स्टिअरिंग हातात असं थडथडायला लागलं की डॅशबोर्डावरचा गणपती खाली पडला. ब्रेक दाबून गाडी जवळजवळ थांबवली तेव्हा कुठे ते शमलं. दुसऱ्या दिवशी महूच्या एका म्हाताऱ्या उस्तादांकडे गेलो. लष्करी छावणीचं गाव, जिप्सीच्या पोटाखाली आयुष्य काढलेली माणसं तिथे अजून आहेत. ते खाली सरकले, बाहेर आले, हात पुसले आणि एवढंच म्हणाले, "भिया, गाड़ी तो ऊँची कर ली, किंग पिन किसने देखी?"

दोष दोन होते. एक तर बेअरिंगं झिजलेली. दुसरं म्हणजे जिप्सीच्या पुढच्या पाट्याची शॅकल पुढच्या टोकाला असते. ती लांब केली की पाट्याचं नाक खाली जातं, अ‍ॅक्सल पुढे कलतो आणि कॅस्टर, म्हणजे किंग पिनचा मागे कललेला कोन, कमी होतो. सायकलचा पुढचा फोर्क सरळ उभा केला तर हँडल जसं भिरभिरेल, तसंच हे. स्टिअरिंग वळणावरून आपणहून परत येत नाही आणि झिजलेल्या किंग पिनला थडथडायला निमित्त मिळतं.

तेव्हा पहिला खर्च दिसणाऱ्या वस्तूंवर करू नका. किंग पिन बेअरिंगं, पाट्यांचे रबर बुश, यू-बोल्ट, ब्रेकचे होज, मागच्या ड्रममधले व्हील सिलिंडर, हे सगळं आधी. छोटी ग्वालटोलीत पार्ट मिळतात, फक्त बुश घेताना नखाने दाबून बघा. डुप्लिकेट रबर कडक आणि चकचकीत असतं, दोन पावसाळ्यांत त्याला भेगा पडतात.

मग हातोडी. चेसिसवर खालून ठोकत जायचं. चांगलं लोखंड टणटणतं, सडलेलं भदभद वाजतं. मागच्या पाट्यांचे हँगर, मागच्या चाकांमागचा भाग, बॉडी चेसिसवर टेकते त्या जागा आणि आतली चटई उचलून पायाखालचा पत्रा, इतकं नक्की बघा. हँगरजवळ भोक पडलेलं असेल तर वरून पट्टी वेल्ड करून काळा रंग मारणारे भरपूर भेटतील. सडका भाग पूर्ण कापून नवा जाड पत्रा बसवायला तयार होईल तोच वेल्डर खरा.

टायर

इथे मात्र हात आखडू नका. जिप्सीला पुढे-मागे सलग अ‍ॅक्सल आहेत. त्यामुळे लिफ्ट कितीही केली तरी वर जाते ती बॉडी आणि चेसिस. डिफरन्शियलचा गोळा, म्हणजे दोन चाकांमधला गिअरांचा डबा, होता तिथेच राहतो आणि दगडाला तोच लागतो. तो गोळा वर उचलायचा एकच मार्ग, मोठा टायर. कंपनीचं माप २०५/७० आर१५, म्हणजे व्यास साधारण ६६८ मिमी. २१५/७५ टाकला तर ७०३ च्या आसपास. फरकाचा अर्धाच भाग कामी येतो, म्हणजे सुमारे १८ मिमी. २३५/७५ ला व्यास ७३३ होतो आणि गोळा ३३ मिमी वर जातो. पण मग वळताना टायर घासतो, मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ ला असते आणि माझ्या कार्बोरेटरच्या इंजिनाचा ६० हॉर्सपॉवरचा जीव चढावर मेटाकुटीला येतो. पॉवर स्टिअरिंगही नाही. राजवाड्याजवळ गाडी पार्क करताना खांदे बोलतात. मी २१५ वर थांबलो, आणि मला ते पुरतं.

ए/टी (ऑल-टेरेन, सगळ्या रस्त्यांचा) टायर घ्यायचा की एम/टी (मड-टेरेन, चिखलाचा), हा वाद चहाबरोबर कितीही वेळ चालतो. आपल्याकडच्या काळ्या मातीपुरतं सांगतो. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि गोंदासारखी धरते. ए/टीच्या बारीक खाचा दोन फेऱ्यांत भरतात आणि टायर गुळगुळीत गोटा होतो. एम/टीचे ठोकळे दूर-दूर असतात, चाक जरा जोरात फिरलं की माती फेकतात. पण तो डांबरी रस्त्यावर घोंगावतो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना घसरतो. वर्षातून चार वेळा चिखलात जाणाऱ्याने ए/टीच घ्यावा. "डग डग रोटी, पग पग नीर" म्हणणाऱ्यांनी माळव्याच्या मातीचं कौतुक केलं, ती चाकाला कशी चिकटते ते मात्र सांगितलं नाही. चोरलच्या बाजूला एका शेताच्या कडेने जाताना मी जुलैत दीड तास काढला आहे. शेवटी ट्रॅक्टर आला. त्या शेतकरीदादांनी पैसे घेतले नाहीत, पण जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. धडा साधा: पाऊस उघडून दोन दिवस ऊन पडू द्या.

हवा फुकट आहे, तरी लोक ती काढत नाहीत. रस्त्यावर मी २६ पीएसआय ठेवतो, चिखलात किंवा दगडांत १६ पर्यंत उतरतो. टायर पसरतो, त्याचा जमिनीवरचा ठसा लांबतो, गाडी दगडावर उडायची थांबते. १२ च्या खाली गेलात तर वळताना टायर रिमवरून निसटू शकतो. परत भरायला बॅटरीच्या टर्मिनलवर लावायचा १२ व्होल्टचा कंप्रेसर घ्या. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा खेळण्यातला घेतलात तर पहिल्याच चाकाला फ्यूज उडेल.

लिफ्ट, करायचीच असेल तर

दोन इंच, त्याहून जास्त नाही. आणि शॅकल लांब करून नाही. शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला असते, त्यामुळे ती चार इंच लांबवली तर गाडी दोनच इंच उठते. देवास नाक्याकडे ट्रकच्या कमान्या करणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडून जुन्या पाट्यांना पुन्हा बाक देऊन घ्या किंवा एक पान वाढवा. पान वाढवलं की गाडी कडक होते हे आधीच मान्य करा. पाटे उघडलेच आहेत तर प्रत्येक पानाच्या टोकाची धार ग्राइंडरने मोडून घ्या, पानं एकमेकांवर नीट सरकतात. नंतर कॅस्टर तपासा. कमी भरला तर अ‍ॅक्सल आणि पाटा यांच्यामध्ये पाचरीसारखी शिम बसवून तो परत मिळतो. अ‍ॅक्सलच्या वरून पाटे न्यायचे, म्हणजे एका झटक्यात पाच-सहा इंच, असंही काही जण करतात. त्यांच्या गाडीत मी बसतो, चालवत नाही.

लिफ्टनंतर एक गोष्ट चुकवू नका. जॅक चेसिसखाली लावून चाकं पूर्ण लोंबू द्या आणि आत डोकावा. ब्रेकचा होज ताणून तारेसारखा झालाय का? डिफरन्शियलला ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा सरकता जोड अजून पुरेसा आत आहे का? होज तुटला तर तो चढावरून उतरतानाच तुटेल.

आमच्या घरी लिफ्टचा खरा निकाल आईने लावला. खजराना गणपतीला जायला निघालो तर तिचा पाय पायरीपर्यंत पोचेना. तिने शांतपणे स्वयंपाकघरातला पाट मागवला, त्यावर उभी राहून चढली आणि पाट मांडीवर घेऊन बसली, उतरायला लागेल म्हणून. त्याच आठवड्यात लांब शॅकल काढल्या आणि पाटे सेट करून घेतले. आता दीड इंच आहे. पाट अजून मागच्या सीटखाली असतो, जॅकखाली घालायला उत्तम.

पाणी

स्नॉर्केल, म्हणजे इंजिनाला हवा देणारा उंच पाइप, सगळ्यांना हवा असतो; ब्रीदर, म्हणजे डिफरन्शियलचं हवेचं भोक, कोणाला आठवत नाही. चालून तापलेला डिफरन्शियल थंड नाल्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढते. पुढच्या सर्व्हिसला त्याचा तेलाचा प्लग उघडलात की दुधाच्या चहासारखं तेल बाहेर येतं. उपाय अगदी स्वस्त: सियागंजमधून पेट्रोल पाइपचा तुकडा आणा, दोन्ही अ‍ॅक्सलच्या ब्रीदरवर क्लिपने बसवा आणि दुसरं टोक बॉनेटखाली उंचावर नेऊन तोंड खाली वळवा. पाइप वाटेत कुठे पिचकत नाही ना ते बघा. तेल बदलताना डिफरन्शियलमध्ये जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल आणि गिअरबॉक्समध्ये जीएल-४ घाला. जीएल-५ मधली रसायनं गिअरबॉक्समधल्या सिंक्रोच्या, म्हणजे गिअर जुळवणाऱ्या कड्यांच्या, पितळेला मानवत नाहीत.

स्नॉर्केल बसवला तरी प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर भिजला की कार्बोरेटरची गाडी बंदच पडणार. मी चाकाच्या हबपर्यंतच्या पाण्यातच उतरतो, तेही आधी पायी चालून बघून. इंजिनाने पाणी ओढलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी स्टार्टर मारून बघू नका, आधी स्पार्क प्लग काढा.

अडकल्यावर

पुढे दोन, मागे दोन हुक, थेट चेसिसला, ८.८ ग्रेडच्या बोल्टांनी. बंपरला नाही, टाय रॉडला तर नाहीच. दोर अडकवायची बो शॅकल (ही पाट्याची नव्हे, धनुष्याच्या आकाराची कडी) सव्वातीन टनाची पुरते. ओढताना दोरावर गोणपाट किंवा भिजलेलं जाकीट टाका, तुटला तर ते त्याला खाली पाडतं. बघे दोराच्या लांबीइतके लांब. फावडं गाडीत कायम ठेवा. दोर गुंडाळून गाडी ओढणाऱ्या विंचपेक्षा मला त्याने जास्त वेळा सोडवलं आहे.

लोखंडी बुलबार लावू नका. केंद्राने २०१७च्या डिसेंबरमध्ये राज्यांना तसं कळवलंच आहे, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदीत बसणार नाही असा बदल चालत नाही. दंड प्रत्येक बदलाला पाच हजार. पंधरा वर्षांनंतर नोंदणी वाढवायला गाडी फिटनेसला उभी करावी लागते, तेव्हा कंपनीची चाकं आणि सुटे पार्ट माळ्यावर असू द्या. म्हणूनच मी कापाकापी टाळतो, जे नटबोल्टने बसतं आणि उतरतं तेच करतो.

पुढच्या चाकांचे हब हाताने 'लॉक' करून फोर-लो (चारही चाकांना ताकद, हळू पण जोरदार गिअर) टाकायचं ते चिखलात शिरण्याआधी, रुतल्यावर नाही. कोरड्या डांबरावर फोर-व्हीलमध्ये चालवू नका. वळताना पुढची-मागची चाकं वेगळं अंतर कापतात, ताण सुटायला जागा मिळत नाही आणि तो गिअरांवर येतो. परत आलात की त्याच दिवशी रेडिएटरच्या जाळीतली, ड्रममधली आणि चेसिसच्या पोकळीतली माती पाइपने धुवा. वाळली की ती विटेसारखी होते. मग किंग पिनला ग्रीस, आणि दोन्ही हब हाताने फिरवून 'फ्री'वर. उजवीकडचा मी दोनदा विसरलो आहे.