साध्या गाड्यांच्या मेळाव्याला जाताना या चुका टाळा

साध्या गाड्यांच्या मेळाव्याला ना परीक्षक असतात, ना बक्षीस. दापोली-गुहागरपासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत कोणत्याही गावात, एखाद्या रविवारी सकाळी, ओळखीने मिळालेल्या मोकळ्या जागेत वीस-पंचवीस गाड्या उभ्या राहतात. त्यांत मारुती ८०० असते, ओम्नी असते, टपाचा रंग उडालेली सुमो असते, आणि माणसे चहाचा कप हातात धरून एकमेकांच्या बॉनेटखाली डोकावत असतात. गाडी वापरातली असावी, एवढीच काय ती अट. बहुतेक चुका घडतात त्या ही अट विसरून आपल्या गाडीला एका दिवसासाठी वेगळेच काहीतरी बनवायला गेल्यामुळे, आणि उरलेल्या घडतात जागेकडे लक्ष न दिल्यामुळे.

मेळावा तोंडावर आला की गाडी घाईघाईने रंगवून घेणे ही मी स्वतः केलेली चूक आहे. मागच्या चाकांच्या कमानींवरचा गंज वरवर घासून, पुट्टी भरून, त्यावर रंग मारून घेतला. दिवसभर कौतुक झाले आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी रंगाला फुगे आले. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत पत्रा बहुधा आतल्या बाजूने सडत येतो, त्यामुळे सडलेला भाग कापून नवा पत्रा जोडल्याशिवाय वरच्या रंगाला अर्थ नसतो. तेवढा वेळ किंवा पैसा नसेल तर गाडी धुऊन, आहे तशी न्यावी. त्या दिवशी सर्वांत जास्त गर्दी माझ्या गाडीभोवती नव्हतीच. ती होती एका ओम्नीभोवती, जिच्या टपावर हापूसच्या पेट्या वर्षानुवर्षे ओढून पांढरे चरे पडले होते. कोणता चरा कोणत्या हंगामाचा, हे मालक बोट ठेवून सांगत होते.

गाडी जुनी झाली की ती आपोआप ‘व्हिंटेज’ होते, हा समज फार पसरलेला आहे. २०२१ साली आलेल्या केंद्रीय नियमांप्रमाणे त्या वर्गात नोंदणीसाठी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण व्हावी लागतात आणि गाडी मूळ रूपात असावी लागते. शिवाय तशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेल्या पहिल्या मारुती ८०० लाही ते वय अजून गाठायचे आहे. तेव्हा १५ वर्षांनंतरची फेरनोंदणी, पर्यावरण कर, विमा आणि पीयूसी यांतून कोणाची सुटका नाही. गाडीचा मूळ रंग बदलला असेल, तर ती नोंदही नोंदणी पुस्तकात असली पाहिजे.

घाटमाथ्यावरून येणारी मंडळी कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरताना न्यूट्रलवर गाडी सोडतात, आणि खाली पोहोचेपर्यंत ब्रेक तापून पेडल खोल जाऊ लागते. जुन्या पद्मिनीच्या ड्रम ब्रेकला तर हे मुळीच सोसत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावा. परतीच्या चढणीला कार्बोरेटरची गाडी अचानक गचके देऊन बंद पडली, तर कार्बोरेटर उघडून बसण्याची घाई करू नये. अनेकदा यांत्रिक पंपातल्या पेट्रोलची उष्णतेने वाफ झालेली असते. बॉनेट उघडून गाडी पंधरा-वीस मिनिटे थंड होऊ द्यावी, पंपावर ओले फडके ठेवावे, ती बहुधा पुन्हा सुरू होते. मात्र रेडिएटर उकळत असेल, तर त्याच्या झाकणाला तोवर हात लावू नये.

आता वाळूविषयी. समुद्र मागे ठेवून गाडीचा फोटो काढावा असे प्रत्येकाला वाटते, आणि दर हंगामात कोणाची तरी गाडी किनाऱ्यावर रुतते. अनेक किनाऱ्यांवर वाहन नेण्यास बंदी आहे. त्याखेरीज वेळास, आंजर्ले यांसारख्या ठिकाणी ऑलिव्ह रिडले कासवे साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात वाळूत अंडी घालतात, आणि नेमका तोच मेळाव्यांचा हंगाम असतो. ओहोटीच्या वेळी ओली वाळू डांबरासारखी कडक लागते, ही खरी फसगत आहे, कारण सहाएक तासांत पाणी परत येते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ते नेहमीपेक्षा बरेच वर चढते. भरतीची वेळ दररोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकत असल्यामुळे गेल्या रविवारच्या अनुभवावर विसंबता येत नाही. तरीही गाडी रुतलीच, तर ॲक्सिलरेटर दाबत राहू नये; चाक फिरत राहिले की ते स्वतःचाच खड्डा खणते आणि क्लच जळतो तो वेगळाच. चाकांपुढची वाळू हाताने काढावी, टायरमधली हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवावी, चाकाखाली पायपुसणी किंवा सुकलेली झापे घालावीत आणि चार माणसांनी ढकलत असताना गाडी हळूहळू बाहेर काढावी. डांबरी रस्त्यावर वेग घेण्याआधी हवा पुन्हा भरणे आवश्यक आहे.

किनारा टाळून सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, जागा घेतली, तर वेगळा धोका असतो, आणि माझ्या मते तो वाळूपेक्षा मोठा आहे. पावसाळ्यात कातळावर हिरवेगार दिसणारे गवत जानेवारीपर्यंत गुडघाभर उंच आणि काडीसारखे कोरडे होते. घाट किंवा चढ चढून आलेल्या गाडीचा सायलेन्सर, आणि विशेषतः त्याच्या पुढचा, धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, काही शे अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो. त्याखाली गवत दाबले गेले की धूर निघायला फार वेळ लागत नाही. वाऱ्यावर पसरलेला वणवा शेजारच्या काजू-आंब्याच्या बागेत शिरला, तर ज्यांनी जागा दिली त्यांचेच वर्षाचे उत्पन्न जाते. आयोजकांनी आदल्या दिवशी गवत कापून घ्यावे, गाड्या उघड्या कातळावर लावाव्यात आणि पाण्याची पिंपे भरून ठेवावीत. जुन्या गाडीची पेट्रोलची रबरी नळी तडकलेली तर नाही ना, हेही निघण्यापूर्वी पाहावे, कारण इथेनॉल मिसळलेले पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही.

सावलीच्या मोहात माडाखाली गाडी लावणाऱ्यांना काही सांगण्याची गरज नारळच उरू देत नाही.

दुपारी निघताना चावी फिरवली की नुसती ‘टक’ ऐकू येते, कारण दारे आणि डिकी दिवसभर उघडी राहिल्याने आतला दिवा जळत राहिलेला असतो आणि त्यात कोणीतरी गाणीही लावलेली असतात. दिव्याचे बटण सकाळीच बंद करावे. जुनी मॅन्युअल गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ढकलून सुरू होते, ऑटोमॅटिक होत नाही.

घरी पोहोचल्यावर गाडी तशीच उभी करून झोपू नये. लाल धूळ कोरड्या फडक्याने पुसल्यास रंगावर ओरखडे उठतात, म्हणून आधी भरपूर गोडे पाणी मारावे. खालचा पत्रा, चाकांच्या कमानी आणि दारांच्या तळाशी असलेली पाणी जाण्याची बारीक भोके विसरू नयेत. ही भोके धूळ आणि सुरूच्या काड्यांनी बुजतात, आत खारट ओल साचते आणि दार खालून सडू लागते. माडाच्या झावळीचा एक हीर घेऊन प्रत्येक भोक मोकळे करावे आणि बाहेर येणारे तांबूस पाणी स्वच्छ होईपर्यंत नळी चालू ठेवावी.