शाश्वत शेतीचा सल्ला देताय? आधी शेतात जाऊन बघा

तुम्ही कृषी सल्लागार असाल, शेतकरी गटाचं काम बघत असाल किंवा लोक तुम्हाला पानांचे फोटो पाठवून "काय मारू?" एवढंच विचारत असतील तर हे तुमच्यासाठी लिहितोय. या "काय मारू"ला लगेच औषधाचं नाव टाइप करू नका. आधी विचारा, कीड किती झाडांवर आहे, पानाच्या वर आहे का खाली, कीड खाणारे कोळी किंवा ढालकिडे दिसतात का, मागची फवारणी कधी केली होती. कीड दिसली म्हणजे फवारणी केलीच पाहिजे असं नसतं, फवारणीच्या खर्चापेक्षा जास्त नुकसान होणार असेल तरच ती परवडते, आणि हे मोजल्याशिवाय कळत नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण इंडोनेशियाचं. तिथं भातावर कीटकनाशकं इतकी मारली की तुडतुडे खाणारे कोळी आणि मित्रकीटकच मेले आणि तपकिरी तुडतुडे बेसुमार वाढले. शेवटी १९८६ मध्ये सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि १९८९ पासून एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेच्या) मदतीने शेतीशाळा सुरू झाल्या.

ही शेतीशाळा तुम्हालाही भरवता येते, फार काही लागत नाही. २०-२५ शेतकऱ्यांचा गट करा, आठवड्यातून एकदा सकाळी शेतात जमा, पेरणीपासून काढणीपर्यंत. चार-पाच जणांची टोळी करून प्रत्येक टोळीने काही झाडं नीट बघायची, मग मोठ्या कागदावर मधोमध झाडाचं चित्र, एका बाजूला किडी, दुसऱ्या बाजूला मित्रकीटक, खाली मातीतला ओलावा, वर हवामान. मग चर्चा करून या आठवड्यात काय करायचं ते त्यांनीच ठरवायचं. तुम्ही फक्त प्रश्न विचारायचे. हे जमायला अवघड आहे, कारण उत्तर माहीत असताना गप्प बसावं लागतं, पण शेतकऱ्याने एकदा कोळ्याला तुडतुडा खाताना स्वतः बघितला की तुमच्या दहा भाषणांचं काम होतं.

खताचा सल्ला माती परीक्षणाशिवाय देऊच नका. नमुना घ्यायला पण शिकवा, कारण चुकीच्या नमुन्याचा रिपोर्ट पण चुकीचाच येतो. बांध, झाडाखालची जागा, शेणखताच्या ढिगाची जागा सोडायची, नुकतंच खत टाकलं असेल तर थांबायचं. आठ-दहा ठिकाणी १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करून कडेची माती घ्यायची, सगळी एकत्र मिसळायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरेपर्यंत. रिपोर्ट आला की हातात देऊन मोकळं होऊ नका, सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत येणारा कार्बन) म्हणजे काय, तो कमी असेल तर काडीकचरा न जाळता आच्छादन का करायचं, हे समोर बसून समजवा.

आणि एकदम सगळं शेत बदला असं कधीच सांगू नका!! ज्याचं घर त्या पिकावर चालतं त्याला जोखीम झेपत नाही. एका कोपऱ्यात नवीन पद्धत, शेजारीच जुनी, बाकी बियाणं, पेरणीची तारीख सगळं सेम. दोन्हीकडचा खर्च आणि उत्पादन वेगळं लिहायला लावा, नुसतं उत्पादन बघितलं तर वाचलेला खर्च दिसतच नाही.

अजून एक, माझं यावर स्पष्ट मत आहे, सल्ला देणाऱ्याचं पोट औषधविक्रीच्या कमिशनवर चालत असेल तर "यावेळी काही मारू नका" हे वाक्य त्याच्या तोंडून निघणं फार कठीण. म्हणून सल्ला आणि विक्री वेगळी ठेवा.

मोबाइलवरचे मेसेज हवामानाच्या इशाऱ्याला, तारखा आठवण करून द्यायला बेस्ट, पण पद्धत बदलायला माणूसच लागतो. मीटिंगची वेळ ठरवताना बायकांना विचारा, खुरपणी आणि बियाणं निवडणं बऱ्याच ठिकाणी त्याच करतात, किडीचं पहिलं पान त्यांनाच दिसतं आणि मीटिंगला मात्र सातबाऱ्यावर नाव असलेलाच येऊन बसतो.