वनखात्यात जायचंय? मग एवढी तयारी आधी करा

बारावीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. ‘‘काका, पोराला जंगलाची लई आवड आहे, फॉरेस्टमध्ये काही होईल का?’’ आवड म्हणजे काय असं विचारलं की ताडोबाच्या सफारीत काढलेला वाघाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. मी वनरक्षक म्हणून लागलो आणि वनपाल म्हणून निवृत्त झालो. नोकरीतले वाघ दिसलेले दिवस मला आजही एकेक करून सांगता येतील. रोपवाटिकेत पिशव्या मोजल्या, उन्हाळ्यात वणवा अडवायला जाळरेषा काढल्या, गावात बसून पंचनामे लिहिले, ते दिवस सांगायला बसलो तर तुमचा रिचार्ज संपेल. त्यामुळे फोनवर जे तुकड्यातुकड्यांनी सांगतो, ते एकदाच नीट लिहून काढतो.

पहिलं काम घरी बसून करायचं आहे. आपण कुठल्या दारानं आत जाणार, ते ठरवा. वनरक्षकासाठी बारावी पुरते, पण त्या बारावीत विज्ञान, गणित, भूगोल, अर्थशास्त्र यांपैकी एक तरी विषय लागतो. अनुसूचित जमातीच्या उमेदवाराला दहावीवरही अर्ज करता येतो. कला शाखेच्या पोरानं भूगोल आणि अर्थशास्त्र दोन्ही सोडले, तर पुढे कितीही पळालं तरी उपयोग नाही. हे अकरावीचा फॉर्म भरतानाच बघायचं असतं, आणि नेमका तेव्हा मला कुणी फोन करत नाही.

वनपरिक्षेत्र अधिकारी, म्हणजे आपला आरएफओ किंवा रेंजर, आणि सहायक वनसंरक्षक ही पदं एमपीएससीतून भरतात. पूर्व परीक्षा आता राज्यसेवेसोबत संयुक्त होते आणि वनसेवेची मुख्य परीक्षा वेगळी असते. त्याच्या वर भारतीय वनसेवा. तिची पूर्व परीक्षा 2013 पासून आयएएसवाल्यांचीच आहे. 2023 आणि 2024 या दोन्ही वर्षी देशभर मिळून जागा दीडशेच्या घरात होत्या. इथे पदवीचा विषय आडवा येतो. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भौतिक, भूगर्भशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, पशुवैद्यक यांपैकी काहीतरी हवं, नाहीतर शेती, वानिकी किंवा इंजिनीअरिंगची पदवी हवी. नुसत्या इतिहास-राज्यशास्त्रावर कलेक्टर होता येतं, डीएफओ, म्हणजे विभागीय वन अधिकारी, होता येत नाही.

वानिकीची पदवीच घ्यायची असेल तर महाराष्ट्रात दापोली आणि अकोला ही दोन नावं लक्षात ठेवा. दोन्ही वानिकी महाविद्यालयं तिथल्या कृषी विद्यापीठांची आहेत. अभ्यासक्रम चार वर्षांचा, प्रवेश कृषी पदव्यांसोबत सीईटी सेलकडून. घरी शेतजमीन असेल तर सातबारा आत्ताच काढून ठेवा, त्याचा गुणांकनात अधिभार मिळतो. पुढे शिकायचं तर देहरादूनची वन संशोधन संस्था आहे, 1906 सालची. तिथे वानिकीसोबत लाकूड विज्ञानातही एम.एस्सी. करता येते, आणि प्लायवूडच्या धंद्यात त्या पदवीला किंमत आहे. व्यवस्थापनाकडे कल असेल तर भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था, तिथे कॅट या प्रवेश परीक्षेचे गुण लागतात. वन्यजीवांवर संशोधन करायचं असेल तर देहरादूनचीच भारतीय वन्यजीव संस्था. पण वानिकीची पदवी असल्याशिवाय वनखात्यात घेतच नाहीत, असं समजू नका. माझे दोन साहेब मेकॅनिकल इंजिनीअर होते. रेंजर मंडळींना पुढे चंद्रपूर आणि कुंडल इथल्या वन प्रबोधिन्यांत सगळं शिकवतात.

आता लेखी परीक्षा. वनरक्षकाचा पेपर 120 गुणांचा: मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी, प्रत्येकी 30. त्यात 45 टक्के तरी पडावेच लागतात. याचे क्लास गल्लोगल्ली आहेत, त्यावर मी काय सांगणार? एवढंच बघा की सामान्य ज्ञानात आपल्या जिल्ह्याचा भूगोल, वनं आणि वन्यजीव येतात, आणि पोरं मात्र देशांच्या राजधान्या घोकत बसतात.

क्लासमध्ये शिकवत नाहीत ते झाड ओळखणं. त्यासाठी वेगळी वही करा. एका रविवारी दहा झाडं, त्याहून जास्त नको. पानावरून कुणीही ओळखेल, पण मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडचं अर्धं जंगल उघडं असतं. तेव्हा सालीवरून सांगता आलं पाहिजे. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींची, धावड्याची राखाडी आणि गुळगुळीत. कुसुम त्याच दिवसांत लाल पालवीनं लांबून हाक मारतो. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळा, हात तांबडा होतो. माझ्या भाचीला हे सांगितलं, तर तिनं घरी येऊन ओढणीला हात पुसला आणि आईच्या शिव्या खाल्ल्या. तिच्या वहीत साग हे पहिलं झाड आहे आणि त्या पानावर तो डाग अजून आहे.

ओळख झाली की मोजायला शिका. शिंप्याकडचा कापडी टेप चालतो. झाडाचा घेर जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवर घ्यायचा. त्यासाठी एका काठीवर तेवढी खूण करून घ्या, म्हणजे दर वेळी वाकायला नको. झाड उतारावर असेल तर चढाच्या बाजूला उभं राहून मोजायचं. त्या उंचीच्या खालीच खोड दुभंगलं असेल तर दोन झाडं धरायची. टेप तिरका लागला की घेर वाढतो, आणि वाढलेल्या घेराचं लाकूड पुढे डेपोत सापडत नाही. मग खुलासा द्यावा लागतो. मी दिला आहे, एकदाच.

जवळ रोपवाटिका असेल तर तिथे आठ दिवस फुकट काम करा. सागाचं बी पेरलं आणि उगवलं असं होत नाही. ते आधी भिजवायचं, उन्हात वाळवायचं, पुन्हा भिजवायचं, असं बरेच दिवस चालतं. पिशव्यांत माती भरून संध्याकाळी कंबर धरली की कळतं आपल्याला जंगल आवडतं की जंगलाचे फोटो. ज्यांना दुसरं आवडतं त्यांनी फोटोग्राफी करावी, त्यात कमीपणा नाही.

सरकारी नोकरीच हवी असंही काही नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. त्यानंतर अशा कितीतरी ग्रामसभा उभ्या राहिल्या. तेंदूपत्त्याचा लिलाव, बांबूची तोड, मजुरीचे हिशेब, जंगलाचा व्यवस्थापन आराखडा, हे सगळं त्यांना करून हवं असतं. हिशेब येणारा, गोंडी किंवा माडिया बोलणारा आणि जीपीएस घेऊन हद्द फिरणारा पोरगा मिळाला तर त्याला रिकामं बसावं लागत नाही. बांबूकामाकडे ओढा असेल तर चंद्रपूरजवळ चिचपल्लीला प्रशिक्षण केंद्र आहे. आणि नकाशे बनवायला शिका. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. भारतीय वन सर्वेक्षणापासून छोट्या संस्थांपर्यंत नकाशावाल्या माणसाला सगळीकडे विचारतात. पोलीस पाटलाच्या मुलानं गावच्या जंगलाचा नकाशा काढला, तर त्या मुलाला वनखातंही चहा पाजतं.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा आहे म्हणून पोरं शेवटी ठेवतात आणि तिथेच अडकतात. दहावीचं प्रमाणपत्र, आधार आणि जातीचा दाखला या तिन्हींवर नाव एकसारखं आहे का ते आज संध्याकाळीच बघा. माझ्या एका भाच्याच्या दहावीच्या सनदेवर वडिलांचं नाव ‘रामाजी’ आणि आधारवर ‘रामा’. धावण्यात तो पहिल्या पाचांत आला आणि कागदपत्रांच्या टेबलावर थांबला. अधिवास दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर कुठल्या आर्थिक वर्षाचं मागितलंय ते, प्रकल्पग्रस्त किंवा खेळाडू म्हणून अर्ज असेल तर त्याचं प्रमाणपत्र, सगळं जाहिरात येण्याआधी हातात हवं. 2023 च्या भरतीत वनरक्षकाच्या 2,138 जागा होत्या. तशी जाहिरात आल्यावर तहसीलच्या दारात किती रांग लागते, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

उंचीही आधीच मोजून घ्या. सर्वसाधारणपणे पुरुषांना 163 सेंटिमीटर, महिलांना 150, आणि अनुसूचित जमातीला त्यात सवलत आहे. पुरुषांची छाती 79 आणि फुगवून 5 जास्त. घरच्या भिंतीवर नको, दवाखान्यात मोजा. भिंतीवर आई दोन सेंटिमीटर वाढवून देते.

राहिले पाय. धावण्याला 80 गुण आहेत. पुरुषांना 5 किलोमीटर, महिलांना 3. गेल्या भरतीत पूर्ण गुणांसाठी पुरुषांना 17 मिनिटं होती आणि महिलांना 12. याचा सराव सगळेच करतात. चालण्याचा कुणी करत नाही, कारण चालता तर सगळ्यांनाच येतं! पुरुषांना 4 तासांत 25 किलोमीटर, महिलांना 16. याला गुण नाहीत, पण वेळेत पूर्ण झालं नाही तर हातात आलेली निवड जाते. भारतीय वनसेवेच्या साहेबांनाही हे चुकत नाही. हिशेब करा: 25 किलोमीटरला 4 तास म्हणजे दर किलोमीटरला साडेनऊ मिनिटं, तीही सलग. पहिले दहा किलोमीटर गप्पा मारत जातात. पंधराव्याला गप्पा थांबतात. विसाव्यानंतर टाचेला फोड आलेला पोरगा ओळखू येतो, तो पाय बाहेरच्या कडेवर टाकतो आणि मग पोटरी धरते. म्हणून तीन महिने आधीपासून आठवड्यातून एकदा लांब चाला. दहापासून सुरू करा, दर आठवड्याला दोन-दोन वाढवा, आणि डांबरी रस्त्यावरच चाला, कारण चाचणीही बहुतेक वेळा डांबरावरच होते.

चाचणीच्या दिवशी नवे बूट घालू नका, सरावातले जुनेच घाला. सुती मोजे दोन जोड्या, एक खिशात. टाचेला आणि अंगठ्याला आदल्या रात्री खोबरेल. सकाळी पोटभर जेवण नको, केळं आणि गूळ-शेंगदाणे पुरे. पाणी तहान लागायची वाट न बघता घोटघोट. छातीत भरून आलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर बाजूला बसा आणि डॉक्टरला हाक मारा. घरी कोण काय म्हणेल याचा विचार तिथे करू नका, भरती पुन्हा निघते. आणि कागदांची फाइल बरोबरच्या माणसाकडे द्या, पण प्लास्टिकच्या पिशवीत घालून. वैधता प्रमाणपत्रावरची शाई घामानंही उतरते.